मुबारकनं ऐकलेला शब्द

माझं आडनाव बिघडवणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली. साळवेचं कुणी सालवी केलं, कुणी सावळे केलं. पण बिघडलेल्या आडनावाला अर्थ देणारा माणूस एकच भेटला. पासपोर्टावरचं माझं नाव त्यानं मोठ्यानं वाचलं, "सालफे", आणि स्वतःवरच खूश होऊन हसला. आपला 'व' त्याच्या जिभेवर बसेना, त्याचा 'फ' झाला होता. आणि बहारीनच्या बोलीत सालफा म्हणजे गोष्ट, हकीकत. पुढची सहा वर्षं मी त्याचा सालफे होतो. सकाळी स्टोअरच्या खिडकीत डोकं घालून तो विचारायचा, "सालफे, आज क्या सालफा?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःचीच गोष्ट सुरू करायचा.

त्याचं नाव मुबारक. आखाती युद्ध संपून दोन-अडीच वर्षं झाली होती, तेव्हा मी बहारीनमध्ये सलमाबादला एका इंजिनिअरिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर म्हणून लागलो. मुबारक तिथला मंदूब होता. मंदूब म्हणजे कंपनीचा सरकारी कामांचा माणूस. व्हिसा, रेसिडेन्स कार्ड, लायसन, कुणाला पोलिसांनी बोलावलं तर सोबत जाणं, कुणी वारलाच तर त्याचे कागद करून पेटी विमानावर चढवणं, हे सगळं त्याच्याकडे. पन्नाशीचा, सहा फूट उंच, पांढऱ्याशुभ्र पायघोळ अरबी झग्याच्या, थोबच्या, खिशाला तीन पेनं आणि काखेत नाडीनं बांधलेली फाइल. रंगानं काळा. आपण सावळ्याला काळा म्हणतो तसा नव्हे. त्याच्या पणजोबांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतात घालून आणलं होतं, विकायला. हे तो कुणापासून लपवत नसे. आपण कोपरगावचे की संगमनेरचे हे जितक्या सहज सांगतो, तितक्याच सहज तो ते सांगायचा.

त्याला शब्द गोळा करायचा नाद होता. आमच्या आणि त्याच्या भाषेत सारखा असलेला शब्द सापडला की दिवसभर स्वारी खुशीत. खुर्ची, साबण, कागद, वकील, अर्ज, तारीख. फाइलच्या आतल्या बाजूला त्यानं यादीच चिकटवली होती. पण त्याला जास्त मजा वाटायची ती अर्थ फिरलेल्या शब्दांची. तक्रार म्हणजे आमच्याकडे गाऱ्हाणं, हे कळल्यावर तो पोट धरून हसला. त्यांच्याकडे तक्रार म्हणजे तेच तेच पुन्हा पुन्हा करणं. "बराबर है," तो म्हणाला, "तुम लोग एकही बात रोज बोलता, कोई सुनता नहीं." आम्ही वर्कशॉप मॅनेजर हॅरिसला साहेब म्हणायचो, त्यावरही त्यानं मला छळलं. अरबीत साहिब म्हणजे दोस्त. हॅरिस लांबून येताना दिसला की हा माझ्या कानाशी लागायचा, "सालफे, तुम्हारा दोस्त आया." मी हसू दाबायचो, कारण हॅरिसला माझं नावही ठाऊक नव्हतं. तो मला 'स्टोअर' अशीच हाक मारी.

गुरुवारी संध्याकाळी मुबारक लग्नांत ढोल वाजवायला जाई. त्याच्या आजोबांपासून ते घरात चालत आलं होतं. मोठमोठ्या घरचे लोक त्याला आग्रहानं बोलवत, रात्रभर त्याच्या ढोलावर नाचत. त्यांतल्याच एका घरात त्याच्या थोरल्या मुलाचं जमत आलं होतं, मुलगी राजी होती, आणि तिच्या बापानं एका शब्दात मोडून टाकलं. तो शब्द मुबारकनं मला सांगितला. अरबीत त्याचा अर्थ गुलाम. सांगताना तो फाइलच्या नाडीशी चाळा करत होता. मी त्याला म्हटलं, माझे वडील पाटलाच्या लग्नात हलगी वाजवायचे आणि जेवायला त्यांना गोठ्यापाशी बसवायचे.

त्याला काही केल्या उमगेना ते एकच. एकदा आमच्या गुदैबियाच्या फ्लॅटवर तो जेवायला आला होता. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ठेचा वाढला, तो त्यानं घामाघूम होत संपवला. मग भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे बोट करून विचारलं, हा कोण, मंत्री का? मी म्हटलं, वकील. आमचा वकील. आणि मग जे काही सांगायचं ते सांगितलं, विहीर, शाळेबाहेरची बसायची जागा, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पण तुझा आणि त्यांचा रंग तर एकच, मग त्यांना कळतं कसं? मी म्हटलं, आडनावावरून, गल्लीवरून, बोलण्यावरून. विचारून विचारून काढतात. तो म्हणाला, "हमारा अच्छा है. कोई पूछता नहीं. दूर से मालूम पडता." आणि हसला. सुनंदा मात्र हसली नाही, ती भाकरी आणायला आत गेली. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, इंग्रजी शाळेतली. तिनं इंग्रजीत विचारलं, पप्पा, तो जोक होता का?

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो त्याकडे येतो.

वर्कशॉपच्या छताला एक क्रेन होती. ती चालवायचा तुकाराम खरात, जालन्याकडचा, चौथी शिकलेला, बोलायला लाजणारा. वजन ज्या तारेच्या पट्ट्यानं उचलतात तो पट्टा झिजला होता. खरात दोनदा माझ्याकडे नवा मागायला आला. मी मागणीचा कागद करून वर पाठवला. तो हॅरिसच्या हस्ताक्षरातला शेरा घेऊन परत आला: पुढच्या महिन्यात बघू. मी तो फाइलीला लावला. मग एका सकाळी घाईचं काम निघालं, हॅरिस स्वतः खाली येऊन उभा राहिला आणि उचल म्हणाला. खरातनं बोटानं पट्टा दाखवला. हॅरिसनं हातानंच खूण केली, उचल. पट्टा तुटला आणि खाली वर्गीस होता, केरळचा फिटर. तो जागीच गेला.

त्या दिवशी दोन जबाब झाले आणि दोन्हींच्या वेळी मुबारक हजर होता, कारण ते त्याचं कामच होतं. हॅरिसचा जबाब घ्यायला अधिकारी हॅरिसच्या केबिनमध्ये आले. सोबत इंग्रजी उत्तम येणारा माणूस होता, चहा झाला, जबाब टाइप झाला. हॅरिसनं तो वाचून दोन ठिकाणी शब्द बदलायला सांगितले, म्हणून पुन्हा टाइप झाला. खरातला ठाण्यावर नेलं. तिथं व्हरांड्यात उभ्याउभ्या दहा मिनिटांत त्याचा जबाब अरबीत लिहून झाला. मनाई असताना खरातनं स्वतःच्या जबाबदारीवर झिजलेला पट्टा वापरला, असं त्यात होतं. मजकूर कुठून आला हे सांगायला नको, हॅरिसचा कागद शेजारीच होता. लिहिणाऱ्यानं तो भराभर वाचून दाखवला आणि खरातला विचारलं, "सहीह?" म्हणजे, खरं आहे ना? खरातनं मान हलवली, "हां साहेब, सही, सही," आणि खाली नाव लिहिलं. त्याला आत टाकलं.

मुबारक संतापला तो खरातवर. आजवर मजुरांसाठी तो कितीदा भांडला असेल, पण खोटं बोलणाऱ्याचा त्याला तिटकारा होता. सकाळी खरात त्याला म्हणाला होता की मॅनेजरनंच उचलायला लावलं. आणि ठाण्यावर त्याच्या डोळ्यांदेखत उलटं कबूल केलं. "मेरे सामने बोला, सहीह, सहीह. दो बार बोला. खलास." सहा आठवडे तो खरातला भेटायला गेला नाही. मी एक-दोनदा विषय काढला तर त्यानं झिडकारलं.

मीही जास्त बोललो नाही. कारण त्याच आठवड्यात माझी स्टोअरची फाइल वर मागवली गेली होती आणि परत आली तेव्हा त्यात तो शेऱ्याचा कागद नव्हता. मी फाइल दोनदा चाळली. मग कपाटात ठेवून दिली आणि कपाटाला कुलूप लावलं. मुलीची शाळा चालू होती, व्हिसा कंपनीचा होता, गावी घराचं काम निघालं होतं. कारणं सगळी खरी होती आणि तरी मला आज लाज वाटते.

मग एक दिवस मुबारक कसले तरी फॉर्म घेऊन स्टोअरला आला. माझ्यासमोर इलेक्ट्रिशियन उभा होता, आपलाच, भुसावळचा. तो ड्रिल मशीन न्यायची घाई करत होता. मी वहीवर बोट ठेवून म्हटलं, "आधी सही कर, मग ने." त्यानं पेन घेतलं, सही केली, मशीन उचललं आणि गेला.

मुबारक दारातच थांबला. म्हणाला, तू त्याला काय म्हणालास? मी म्हटलं, काही नाही, सही कर म्हटलं. तो म्हणाला, सही म्हणजे बरोबर, हिंदीत पण बरोबर, अरबीत पण बरोबर, ते माझ्या यादीत आहे. पण तू बरोबर म्हणालास आणि त्यानं नाव का लिहिलं? मी सांगितलं की हिंदीत असेल, मराठीत सही म्हणजे नाव लिहिणं, हिंदीवाले दस्तखत म्हणतात ते. हे बोलता बोलताच मला ठाण्यावरचा खरात आठवला. नटबोल्टांच्या खोक्यावर मुबारक बसला, पांढऱ्या थोबची पर्वा न करता.

"उसने हाँ नहीं बोला," तो म्हणाला. "उसने पेन माँगा."

त्या शुक्रवारी तो खरातला भेटायला गेला. त्याला काही समजावलं नाही, पढवल्यासारखं दिसू नये म्हणून. फक्त विचारलं, त्या दिवशी तुला काय विचारलं? खरात म्हणाला, काही नाही, कागद वाचला आणि सही मागितली, ती दिली. आणि तुझी बाजू? त्यावर खरात जे बोलला ते मुबारकला कळलं नाही, म्हणून त्यानं ते पाठ करून मला आणून दिलं, शब्द मोडके पण क्रम बरोबर: "म्हायी बाजू कुणी इचारलीच न्हाई. वाटलं, इचारतील."

सुनावणीच्या आदल्या दिवशी मुबारक माझ्याकडे आला. म्हणाला, "सालफे, तुम डरता, मालूम. तुमको ये लोग प्लेन में डालेगा. हमको किधर डालेगा? ये मेरा मुल्क है. किसी को अच्छा लगे, नहीं लगे." मग म्हणाला, तू फक्त मागे येऊन बस. मी रजा टाकली, पोटदुखीची.

कोर्टात मी खरोखरच अगदी मागे, दाराजवळ बसलो. खरातला आणलं तेव्हा मी त्याला ओळखलं नाही, इतका तो वाळला होता. मुबारकनं परवानगी घेऊन बोलायला सुरुवात केली. पुढच्या बाकावरून कुणीतरी हलक्या आवाजात तोच शब्द उच्चारला, मुलाच्या सोयरिकीच्या वेळचा. मी ऐकला म्हणजे त्यानंही ऐकला असणार. तो थांबला नाही. कोर्टाचा दुभाषा हिंदी उत्तम जाणणारा होता. त्यानं न्यायाधीशांना सांगितलं की या लोकांच्या भाषेत सही म्हणजे बरोबरच, इथं गैरसमजाला जागाच नाही. त्याचं चूक नव्हतं. तो हिंदीचं सांगत होता. आमच्यातला प्रत्येक जण हिंदी, हे तिथं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. मुबारक म्हणाला, हा माणूस हिंदीवाला नाही, याची भाषा वेगळी आहे. न्यायाधीश वयस्कर होते, कान देऊन ऐकणारे. त्यांनी विचारलं, ती भाषा जाणणारं इथं कुणी आहे का?

मुबारकनं मागे वळून पाहिलं नाही. त्याला ठाऊक होतं मी कुठं बसलोय, बोट दाखवता आलं असतं, पण त्यानं दाखवलं नाही. मी उभा राहिलो.

न्यायाधीशांनी मला इंग्रजीतून विचारलं, नाव लिहिण्याला तुम्ही काय म्हणता? मी सांगितलं, सही. पुन्हा सांगा. सही. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मग खरातकडे वळून, आवाज न चढवता, त्यांनी एकच शब्द विचारला.

"सहीह?"

खरात गडबडला. "हां साहेब," म्हणाला आणि इकडेतिकडे पेन शोधू लागला. ते दिसेना तेव्हा दोन्ही हात पुढे करून उभा राहिला, कुणीतरी कागद देईल म्हणून. कोर्टात कुणी हसलं नाही. दुभाष्यानं मान खाली घातली. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही.

न्यायाधीशांनी मला एवढंच विचारलं, आणखी काही सांगायचं आहे? माझ्या जिभेवर तो शेऱ्याचा कागद होता. कंपनीचा वकील माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, नो सर.

जबाब रद्द झाला. मराठी जाणणारा माणूस बसवून नवा जबाब घेतला गेला आणि पुढच्या दोन तारखांत खरात सुटला. एकूण चार महिने तो आत होता. कंपनीनं त्याचा व्हिसा रद्द केला आणि मुबारकनंच त्याला विमानतळावर सोडलं. हॅरिस तेव्हा लांबलचक रजेवर मायदेशी होता. त्याचा दोनदा टाइप झालेला जबाब जिथं होता तिथंच राहिला, त्याला कुणी पुन्हा बोलावलं नाही. वर्गीसच्या मरणाला शेवटी कुणीच जबाबदार ठरलं नाही. दोन महिन्यांनी हॅरिस परत आला आणि त्याच खुर्चीत बसला.

मुबारकला कंपनीनं काढलं नाही. काढता येत नव्हतं, तो तिथलाच नागरिक होता. त्याची फाइल काढून घेतली आणि त्याला गेटवर बसवलं, नातूर म्हणून. म्हणजे राखणदार. पत्र्याची टपरी, एक पंखा, आडवा दांडा आणि एक वही. लोकांना वाटलं तो आठवडाभरात सोडून जाईल. तो तीन वर्षं बसला. मला भेटला की तसाच हसायचा, पण स्टोअरपर्यंत यायची त्याला आता परवानगी नव्हती, आणि मीही जाता-येता बसमधून हात हलवण्यापलीकडे फारसं काही केलं नाही.

नव्व्याण्णव साली मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी दुपारी हिशेब-पत्र सगळं आटोपून, बॅग घेऊन चालत गेटवर गेलो. ऊन असं की दांड्याला हात लावता येत नव्हता. मुबारकचे केस पांढरे झाले होते. त्यानं माझा गेटपास मागितला. मी म्हटलं, अरे, मी आहे. तो म्हणाला, "सबका देखता है." आणि बॅगही उघडायला लावली. आत सुनंदानं सांगितलेला मुलीसाठीचा कंपासबॉक्स आणि टॉवेल होता. त्यानं तो टॉवेल उलगडून पुन्हा नीट घडी करून ठेवला.

तेव्हा मला राहवलं नाही. मी त्याला त्या कागदाचं सांगितलं. शेरा कुणाचा होता, फाइल कशी रिकामी परत आली, कोर्टात विचारलं तेव्हा मी काय म्हणालो. तीन वर्षांत कुणाला, सुनंदालाही, सांगितलं नव्हतं.

"मालूम था," मुबारक म्हणाला. "स्टोअर में कागज नहीं होगा, ऐसा कैसे होगा? मैं रुका. आज बोलेगा, कल बोलेगा."

मी म्हटलं, मग तू का नाही बोललास?

"तुम्हारा कागज था." मग तो म्हणाला, "लेकिन सालफे, तुम खडा हुआ. उधर बहुत लोग बैठा था."

तेवढ्यात मागे गाडी येऊन थांबली. हॅरिसची होती. त्यानं हॉर्न वाजवला. मुबारकनं माझा गेटपास वर धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, नाव, बापाचं नाव, हुद्दा, कामाला लागल्याची तारीख. हॉर्न पुन्हा वाजला, मग लांबच लांब वाजत राहिला. मी म्हटलं, मुबारक, जाऊ दे, त्याला सोड आधी. त्यानं ओठांवर बोट ठेवलं, पान उलटलं आणि मागची बाजू वाचू लागला.